चामखिळीवरील उपचारांची तुलना : हात, पाय आणि काळ

मराठीत ‘चामखीळ’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावला जातो. उतारवयात मानेवर, काखेत किंवा पापणीवर लोंबणारी मऊ, बारीक देठाची त्वचेची वाढ ही चामखीळ म्हणवते, आणि शाळकरी मुलाच्या बोटावर उगवणारा, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा खरखरीत व टणक उंचवटा हीही चामखीळच. पहिली संसर्गाने होत नाही आणि एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. दुसरी विषाणूमुळे होते आणि पसरते. तळपायाच्या बाबतीत भाषेची गफलत उलट दिशेने होते. तेथे विषाणूने झालेली चामखीळही ‘कुरूप’ किंवा ‘भोवरी’ या नावाखाली जाते, वास्तविक कुरूप हे बुटाच्या किंवा हाडाच्या दाबाने घट्ट झालेल्या कातडीचे नाव आहे. उपचारांच्या तुलनेत नावांची ही सरमिसळ पहिली अडचण ठरते, कारण दाबाने झालेले कुरूप पादत्राण बदलल्याने बरे होऊ शकते आणि विषाणूची चामखीळ तशी होत नाही.

दोहोंतील फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या बारीक रेषा असतात. कुरुपावरून त्या अखंड जातात, तर चामखिळीच्या कडेला येऊन तुटतात. कुरूप वरून दाबले की दुखते, चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरून दाबली की अधिक दुखते. वरचा कडक थर खरवडला असता कुरुपाच्या आत काचेसारखा पारदर्शक गाभा दिसतो. चामखिळीत मात्र काळे ठिपके दिसतात, ज्यांना लोक ‘मूळ’ किंवा ‘बी’ समजतात. ते मूळ नसते. चामखिळीला पोसणाऱ्या केसासारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गोठलेले ते रक्त असते. त्यामुळे ‘मुळासकट उपटून काढणे’ या लोकप्रिय कल्पनेला शरीररचनेचा आधार नाही.

या रोगाचे कारण मानवी पॅपिलोमा विषाणू हे आहे. इटलीतील जुझेप्पे च्युफो यांनी १९०७ साली चामखिळीचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळूनही त्यातून नवी चामखीळ उठते हे दाखवले, आणि त्यावरून तिचे कारण जिवाणूहून लहान असल्याचे कळले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत; हातापायांवरील चामखिळी प्रामुख्याने १, २, ४, २७ आणि ५७ या क्रमांकांच्या प्रकारांमुळे होतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित १६ आणि १८ हे प्रकार वेगळे. त्यामुळे मुलाच्या बोटावरील चामखिळीतून पुढे कर्करोग होईल ही पालकांची धास्ती निराधार आहे, तसेच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध असल्याने ती हाताच्या चामखिळीसाठी घ्यावी हा समजही चुकीचा आहे.

उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, हा विषाणू फक्त कातडीच्या वरच्या थरात राहतो, रक्तात उतरत नाही आणि ज्या पेशीत राहतो तिला मारतही नाही. त्यामुळे शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला त्याचा सुगावा महिनोन्महिने लागत नाही. या विषाणूला थेट मारणारे, चामखिळीसाठी सिद्ध झालेले औषध अद्याप उपलब्ध नाही. आजचे सगळे उपचार दोनच मार्गांनी जातात : बाधित कातडीचा नाश करायचा, किंवा झोपलेल्या प्रतिकारशक्तीला जागे करायचे. नाश करणारे उपचारही जेव्हा यशस्वी होतात तेव्हा बहुधा जखमेमुळे प्रतिकारशक्ती जागी झाल्यानेच होतात, असे मानण्यास बरीच जागा आहे.

ही शक्ती पुष्कळदा आपणहून जागी होते. मॅसिंग आणि एपस्टाइन या अमेरिकी वैद्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या, एका निवासी संस्थेतील मुलांच्या निरीक्षणात दोन वर्षांत सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी कोणत्याही उपचाराविना नाहीशा झाल्या. नेदरलँड्समधील प्राथमिक शाळांतल्या मुलांच्या अलीकडच्या पाहणीत चामखीळ असलेल्या मुलांपैकी निम्मी मुले वर्षभरात पूर्णपणे बरी झाल्याचे आढळले. प्रौढांत हा वेग मंद असतो, आणि वर्षानुवर्षे जुन्या झालेल्या चामखिळी त्याहून हट्टी असतात. मात्र आपणहून गेलेली चामखीळ मागे व्रण ठेवत नाही, आणि कित्येकदा हातावरच्या दहा-बारा चामखिळी एकाच पंधरवड्यात, कोणी सांगून ठेवल्याप्रमाणे, एकत्र निघून जातात.

चामखिळीच्या उपचारांचा सगळा इतिहास या एका गोष्टीने रंगलेला आहे. जो आजार निम्म्या मुलांत वर्षभरात आपोआप जातो, त्यावर वर्षभर केलेला कोणताही उपाय निम्म्या मुलांत गुणकारी वाटणारच. घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे, रुईचा चीक लावणे, चुना आणि खार यांचा लेप देणे, उदबत्तीचा चटका देणे, नवस बोलणे, या सर्वांना साक्षीदार सापडतात आणि ते खोटे बोलत नसतात. (बिब्ब्याचा चटका मात्र या यादीतही वेगळा काढावा लागतो, कारण त्याच्या तेलाने कातडी खोलवर भाजते व उततेही.) झुरिचचे प्रसिद्ध त्वचारोगतज्ज्ञ ब्रूनो ब्लॉख यांनी १९२०च्या दशकात चामखिळीवर निरुपद्रवी रंग लावून, दिवे लुकलुकणाऱ्या व घरघरणाऱ्या यंत्राचा देखावा करून बऱ्याच रुग्णांना बरे केले होते. सुश्रुतसंहितेत ‘चर्मकील’ या नावाने, कातडीवरील खिळ्यासारखी वाढ म्हणून, या विकाराचे वर्णन अर्शाच्या म्हणजे मूळव्याधीच्या प्रकरणात येते. मराठी ‘चामखीळ’ हा शब्द त्याच घराण्यातला. क्षार आणि अग्नी ही त्या परंपरेतली साधने आजचे आम्ल आणि विजेने जाळण्याची ‘कॉटरी’ यांच्यापासून तत्त्वतः फारशी दूर नाहीत.

म्हणून या क्षेत्रात ‘अमुक औषधाने शंभरातील साठ बरे झाले’ हे विधान स्वतंत्रपणे निरर्थक ठरते. त्याच मुदतीत, तशाच रुग्णांच्या दुसऱ्या गटाला, ज्याला शास्त्रीय परिभाषेत नियंत्रण गट म्हणतात, नुसते पाणी किंवा काहीच न देता किती बरे झाले, हा आकडा शेजारी असल्याशिवाय साठ या संख्येला अर्थ नाही. महाराष्ट्रात घरोघर चामखिळीवर दिल्या जाणाऱ्या ‘थुजा’ या होमिओपॅथिक औषधाची अशी कसोटी कॅनडातील क्यूबेक प्रांतात १९९२ साली लागली. तळपायाच्या चामखिळी असलेल्या १७४ जणांपैकी काहींना थुजासह तीन होमिओपॅथिक औषधे व काहींना तशाच दिसणाऱ्या निष्प्रभ गोळ्या दिल्या, आणि १८ आठवड्यांनी औषधाच्या गटात सुमारे २० टक्के तर निष्प्रभ गोळ्यांच्या गटात सुमारे २४ टक्के लोक बरे झाले. निकाल स्पष्ट आहे, तरीही थुजाची ख्याती कमी झालेली नाही. काळ जे काम करतो त्याचे श्रेय बाटलीला मिळत राहते.

या कसोटीला सर्वांत जास्त वेळा उतरलेले औषध म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. हे आम्ल कातडीच्या वरच्या मृत थरातील पेशींना जोडून ठेवणारा चिकटा सैल करते, त्यामुळे बाधित कातडी थराथराने निघून येते. भारतात ते साधारणपणे १७ टक्के प्रमाणात, जवळपास तेवढ्याच लॅक्टिक ॲसिडसह, कोलोडियन या वाळल्यावर पापुद्रा धरणाऱ्या द्रवात मिसळून छोट्या बाटलीत मिळते. तळपायासाठी याच आम्लाची अधिक तीव्र पट्टी ‘कॉर्न कॅप’ या नावाने औषधांच्या दुकानात सर्रास विकली जाते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००२ साली गिब्ज आणि सहकाऱ्यांनी केलेल्या संकलनात सहा नियंत्रित प्रयोगांचे आकडे एकत्र केले असता सॅलिसिलिक ॲसिडने ७५ टक्के आणि निष्प्रभ लेपाने ४८ टक्के लोक बरे झाल्याचे दिसले. यातील ७५पेक्षा ४८ हा आकडा अधिक शिकवणारा आहे. पुढे २०१२ साली कॉक्रेन या संस्थेच्या पुनरावलोकनात ८५ प्रयोगांतील ८,८१५ रुग्णांचा आढावा घेतला गेला, तेव्हाही सॅलिसिलिक ॲसिडचा फायदा माफक पण खरा असल्याचा निष्कर्ष निघाला.

हे औषध कसे लावायचे यावर त्याचे यश इतके अवलंबून आहे की ती कृती तपशिलाने सांगणे भाग आहे. रात्री झोपण्यापूर्वी हात किंवा पाय कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवून ठेवावा लागतो, म्हणजे पांढरी पडलेली वरची कातडी मऊ होते. ती नखे घासण्याच्या कागदी पट्टीने किंवा वजरीने, रक्त येणार नाही इतपत, घासून काढावी लागते, आणि ती पट्टी किंवा वजरी अन्य कोणी किंवा अन्य जागी वापरायची नसते. सभोवतालच्या निरोगी कातडीवर पेट्रोलियम जेलीचे कडे करून मधोमध औषधाचा एक थेंब टेकवायचा, तो वाळला की पांढरा पापुद्रा दिसतो, आणि वर साधी चिकटपट्टी लावल्यास औषध अधिक खोल मुरते. दुसऱ्या रात्री तो पापुद्रा काढून पुन्हा हेच करायचे, आणि असे १२ आठवडे. पहिल्या आठवड्यात कातडी झोंबते, तिसऱ्या आठवड्यात फरक दिसत नाही म्हणून बाटली फडताळात जाते, आणि ‘लोशनने काही झाले नाही’ असा निकाल दिला जातो. पापुद्रा न काढता थरावर थर चढवत राहणे हीदेखील नेहमीची चूक असून त्यात औषध मृत कातडीवरच खर्ची पडते.

दुसरा मोठा उपचार म्हणजे गोठवणे, ज्याला शीतोपचार किंवा क्रायोथेरपी म्हणतात. उणे १९६ अंश सेल्सियस तापमानाचा द्रवरूप नायट्रोजन कापसाच्या बोळ्याने किंवा फवाऱ्याने चामखिळीवर लावला की ती पांढरीफटक पडते आणि तिच्याभोवती एक-दोन मिलिमीटरचे पांढरे कडे उमटते. ते काही सेकंद टिकवून धरायचे असते. वेदना जळल्यासारखी होते, पुढच्या एक-दोन दिवसांत पाण्याचा किंवा रक्ताळलेला फोड येतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी हीच क्रिया पुन्हा करावी लागते. लहान मुलांना पहिल्या वेळेस समजावता येते, दुसऱ्या वेळेस ती दवाखान्याच्या पायरीवरूनच रडू लागतात. सावळ्या कातडीवर गोठवलेल्या जागी फिका डाग कित्येक महिने, कधी कायमचा, राहू शकतो. युरोपातील प्रयोगांच्या आकड्यांत या तोट्याचे वजन पुरेसे दिसत नाही, भारतीय रुग्णाने मात्र ते धरले पाहिजे. उपलब्धतेचा प्रश्न तर निराळाच आहे. द्रवरूप नायट्रोजन भांड्यातून सतत उडून जातो म्हणून तो नियमित मागवावा लागतो, आणि तालुक्याच्या गावी तो कृत्रिम रेतनाच्या वीर्यकांड्या जपण्यासाठी जनावरांच्या दवाखान्यात सापडतो, माणसांच्या दवाखान्यात सहसा सापडत नाही.

या दोन उपचारांची थेट तुलना करणारे दोन प्रयोग विशेष लक्ष देण्याजोगे आहेत, आणि वरवर पाहता त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. नेदरलँड्समधील ब्रुखिंक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामान्य डॉक्टरांकडे आलेल्या २५० रुग्णांची तीन गटांत विभागणी केली : एका गटाला दर दोन आठवड्यांनी नायट्रोजन, दुसऱ्याला रोज ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड, आणि तिसऱ्याला नुसती वाट पाहण्याचा सल्ला. तेरा आठवड्यांनी या गटांत अनुक्रमे ३९, २४ आणि १६ टक्के लोक बरे झाले. एवढ्यावर थांबले तर नायट्रोजन जिंकला असे वाटते. परंतु संशोधकांनी जागेनुसार आकडे वेगळे केले तेव्हा खरे चित्र उमटले. हातावरील व इतर साध्या चामखिळींत नायट्रोजनने ४९ टक्के, आम्लाने १५ टक्के आणि वाट पाहून ८ टक्के बरे झाले. तळपायावरील चामखिळींत मात्र हेच आकडे ३०, ३३ आणि २३ असे आले, म्हणजे तेथे तिन्ही मार्गांत अर्थपूर्ण फरक उरला नाही.

दुसरा प्रयोग यॉर्क विद्यापीठाच्या पुढाकाराने झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. बारा वर्षांवरील, तळपायाला चामखीळ असलेल्या २४० जणांपैकी निम्म्यांना तज्ज्ञाकडून जास्तीत जास्त चार वेळा नायट्रोजन आणि निम्म्यांना घरी लावायला ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड दिले गेले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत १४ टक्के लोक बरे झाले. सहा महिन्यांनी रुग्णांनी स्वतः दिलेल्या माहितीनुसार हे प्रमाण ३० टक्क्यांच्या थोडे वर गेले, तेही दोन्ही गटांत जवळपास सारखे. खर्च मात्र सारखा नव्हता. नायट्रोजनचा उपचार दरडोई सुमारे १०० पौंडांनी महाग पडला.

दोन्ही प्रयोग एकत्र वाचले की विसंगती विरते. तळपायाची कातडी जाड असते, चामखीळ दाबाने आत ढकललेली असते, आणि गोठवण्याचा थंडावा तिच्या तळापर्यंत पोचता पोचता विरतो. हाताच्या पाठीवरील कातडी पातळ असल्याने तेथे तोच थंडावा पुरेसा खोल जातो. त्यामुळे ‘कोणता उपचार श्रेष्ठ’ हा प्रश्न ‘कोठे’ हा शब्द जोडल्याशिवाय विचारता येत नाही, हे या क्षेत्रातील गेल्या वीस वर्षांचे सर्वांत मोलाचे निष्पन्न म्हणावे लागेल. पायासाठी महाग उपचार घेण्याचे समर्थन या आकड्यांत सापडत नाही. आम्ल आणि नायट्रोजन एकत्र वापरल्यास नुसत्या आम्लापेक्षा थोडा अधिक गुण येतो, असे कॉक्रेनच्या आढाव्यात दिसते.

साध्या चिकटपट्टीची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. पाइप जोडण्यासाठी वापरली जाणारी रुपेरी डक्ट टेप एका वेळी सहा दिवस, अशी पुन्हा पुन्हा लावल्याने ८५ टक्के आणि नायट्रोजनने ६० टक्के रुग्ण बरे झाल्याचा अमेरिकेतील एक छोटा प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. नंतर नेदरलँड्समधील १०३ मुलांवर आणि अमेरिकेतील ९० प्रौढांवर नियंत्रण गट ठेवून पडताळणी झाली, तेव्हा पट्टीचा निश्चित फायदा दिसला नाही. पहिल्या प्रयोगात वाट पाहणारा गटच नव्हता.

महाराष्ट्रातील दवाखान्यांत सर्रास केला जाणारा उपचार, म्हणजे विजेच्या उष्णतेने जाळणे, ज्याला बोलीत ‘कॉटरी’ म्हणतात, तो चांगल्या प्रयोगांच्या कसोटीला फारच कमी उतरलेला आहे. जागा बधिर करून एकाच बैठकीत चामखीळ जाते, म्हणून तो रुग्णाला आवडतो आणि डॉक्टरालाही सोयीचा वाटतो. परंतु विषाणू कडेच्या, निरोगी दिसणाऱ्या कातडीतही असल्याने चामखीळ परत येऊ शकते, कधी जुन्या जागेभोवती कडे करून येते, आणि तळपायावर राहिलेला व्रण चालताना खड्यासारखा आयुष्यभर टोचू शकतो. जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणूचे अंश सापडले आहेत, त्यामुळे धूर ओढून घेणारे यंत्र आणि योग्य मास्क ही त्या खोलीतली गरज आहे. तळपायाची पहिलीच चामखीळ थेट जाळणे हा उपचारांचा क्रम उलटा धरणे होय.

हट्टी आणि अनेक चामखिळींसाठी अलीकडे प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या उपचारांकडे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांचा कल वाढला आहे. गोवर-गालगुंड-रुबेला लस, क्षयरोगाच्या चाचणीतले प्रथिन, ड३ जीवनसत्त्व, किंवा जी. पी. तलवार यांच्या संशोधनातून मुळात कुष्ठरोगासाठी घडलेली ‘एमडब्ल्यू’ लस यांपैकी एकाचा अल्पसा अंश सर्वांत मोठ्या चामखिळीत टोचला जातो; त्या परक्या पदार्थावर धावून आलेल्या पेशींना शेजारचा विषाणूही दिसतो, अशी त्यामागची कल्पना आहे. या उपचारात कधी कधी टोचलेली चामखीळ तर जातेच, पण न टोचलेल्या, दुसऱ्या हातावरच्याही जातात, आणि ही गोष्ट जाळण्या-गोठवण्याने सहसा साधत नाही. रुग्णाच्याच चामखिळीचा बारीक तुकडा त्याच्या हाताच्या कातडीखाली पेरण्याची पद्धतही भारतात वापरली जाते. तिला औषधाचा खर्च जवळपास नाही. या सर्वांवरील प्रयोग बहुतांशी लहान आहेत, कित्येकांत नियंत्रण गट दुबळे आहेत, म्हणून त्यांना पहिल्या पायरीवर बसवणे घाईचे होईल. ब्लिओमायसिन हे कर्करोगावरचे औषध चामखिळीत टोचण्याचा उपाय प्रभावी असला तरी अतिशय वेदनादायी आहे, बोटाच्या टोकाशी रक्तपुरवठ्याला धोका करू शकतो, आणि गरोदरपणात तो वर्ज्य आहे.

उपलब्ध पुरावा, आणि नायट्रोजनची वेदना, डाग व दुर्मिळता, ध्यानात घेता क्रम असा लागतो. मुलाची न दुखणारी चामखीळ वाट पाहण्याच्या लायकीची आहे. उपचार हवाच असेल तर हातापायांसाठी सॅलिसिलिक ॲसिड, नेटाने १२ आठवडे; हातावर ते अपुरे पडले तर नायट्रोजन; अनेक आणि जुन्या चामखिळींत टोचण्याचे उपचार; आणि जाळणे सर्वांत शेवटी. चेहरा आणि जननेंद्रिये यांवरील चामखिळींना हा क्रम लागू नाही. पन्नाशीनंतर तळपायावर नव्याने आलेली, रक्ताळणारी, काळी पसरणारी किंवा उपचारांना न जुमानणारी ‘चामखीळ’ तुकडा काढून तपासल्याशिवाय चामखीळ मानू नये, कारण तळपायावरील कर्करोग हाच वेष घेऊन येतो.

मधुमेह असलेल्या व्यक्तीने पायावर कॉर्न कॅप लावू नये, आम्लाची बाटली वापरू नये आणि पायाला ब्लेड लावू नये. बधिर झालेल्या पायाला आम्लाने पडलेले भोक दुखत नाही, ते चिघळल्यावरच दिसते. अशा पायावर चामखीळ किंवा कुरूप काहीही दिसले तरी औषधाच्या दुकानाऐवजी डॉक्टरांकडे जावे.